इंजिनिअरिंगला येऊन अपूर्णांक? ब्रिज कोर्सवर चर्चा (सांगली-मिरज)

गणितवाली, विश्रामबाग
काल 'माजी इंजिनिअर' यांनी इथं लिहिलं की पहिल्या वर्षाच्या पोरांकडून तीन आठवडे अपूर्णांक आणि बीजगणित घोटून घेणं ही कॉलेजची लाज आहे, ब्रिज कोर्स बंद करा, ज्याला येत नाही त्याला घेऊच नका. दोन ओळींत सोडणार होते, पण डोकं फिरलं.

हा वर्ग मी घेते. परवा फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, दोन छेद पाच. कुणी हसलं नाही, कारण निम्म्यांच्या वहीत तेच होतं. हीच पोरं डेरिव्हेटिव्हचे फॉर्म्युले घडाघडा म्हणतात. यांना अपूर्णांक फोडायचं पार्शल फ्रॅक्शन कुठून सुरू करू?

आणि 'घेऊ नका' कुणाला सांगताय? बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ४५ टक्के, राखीव गटाला ४०, सीईटी या प्रवेश परीक्षेत शून्य नसलं की झालं पात्र. जागा रिकाम्या ठेवायची हिंमत कुठल्या संस्थेत आहे?

माजी इंजिनिअर
बाई, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे. पण अमेरिकेत हे सगळं करून झालंय. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला आणि कम्युनिटी कॉलेजांतल्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतल्या) तयारीच्या वर्गांवर चाप लावला. पोरं त्या वर्गांतच अडकून गळायची. थेट कॉलेजचं गणित द्या, बरोबरीनं जादा मदत द्या, हा त्यांचा धडा. आम्ही कराडला शिकलो, आम्हाला कुणी ब्रिज बांधून दिला नव्हता. विषय राहिला की केटी लागायची, रात्री बसून काढायचो.

गणितवाली, विश्रामबाग
त्यांच्याकडं ते वर्ग सेमिस्टरच्या सेमिस्टर चालायचे, फी भरून. माझ्याकडं तीन आठवडे आहेत. आणि तिकडचीच पुढची बातमी वाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसचा २०२५ चा अहवाल सांगतो की तिथं नव्यानं आलेल्या साधारण आठांतल्या एकाचं गणित हायस्कूलच्या पातळीलाही पोचत नाही. 'बरोबरीनं मदत' मला मान्य आहे. ती देणारा माणूस द्या, मग बोलू.

डिप्लोमावाला
आमचं कुणी विचारतच नाही. थेट दुसऱ्या वर्षाला आलो, पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे एम-वन नाही, एम-टू नाही, आणि पुढच्या एम-थ्रीत पहिल्याच आठवड्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म. आमचा ब्रिज संध्याकाळी पाचनंतर. श्रेयांक (क्रेडिट) शून्य. सर यायचे, हजेरीचा कागद फिरायचा, पोरं एसटीच्या वेळेकडं बघत बसायची. असला वर्ग बंद केला काय नि चालू ठेवला काय!

द्राक्षबाग, तासगाव
मूळ दुखणं सगळे टाळायला लागलेत. इंटिग्रेटेड! पोरगं नावाला ज्युनिअर कॉलेजात, दिवसभर क्लासमध्ये. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. चारही पर्याय उलटे घालून बघायचे, जो बसेल तो टिकवायचा. पायऱ्या लिहायच्या कशाला? माझ्या भावाच्या पोरानं वर्षभर कॉलेजचं तोंड बघितलं न्हाई, आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकलला वीसपैकी अठरा! कुणी दिले, कशाचे दिले?

मिरजकर
दादा, क्लासवाल्यांना शिव्या देणं सोपं. ज्युनिअर कॉलेजात गणिताचे तास किती होतात ते सांगा. अर्ध्या जागा तासिका तत्त्वावर, दिवाळीपर्यंत माणूसच नेमलेला नसतो. पालकानं काय करावं? मी दोन्ही पोरींना क्लासला घातलं, पश्चात्ताप नाही.

द्राक्षबाग, तासगाव
तुमच्याकडं पैसं हाईत म्हणून. इथं बाग विकायची का?

मिरजकर
बाग विका असं कुणी म्हटलं? जरा नीट वाचत जा.

गणितवाली, विश्रामबाग
भांडा, पण एक ऐका. क्लासची पोरं हुशार असतात, वेगही असतो. पण पर्याय झाकून 'का?' विचारलं की पेन थांबतं. पर्सेंटाइलनं पोरगं रांगेत कितवं ते कळतं, त्याला काय येतं ते नाही. म्हणून मी पहिल्या दिवशी चाचणी घेते, आठवी-नववीचीच. ९० पर्सेंटाइलवालेही तिथं आडवे होतात.

माजी इंजिनिअर
म्हणजे आठवीच्या मास्तरांचं पाप इंजिनिअरिंगच्या बाईंनी फेडायचं. छान!

शाळामास्तर
आलात शेवटी आमच्यावर. आठवीपर्यंत नापास करायचं नाही हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ठरवलं होतं, आम्ही नाही. वर जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचे हिशेब. तेवढं गणित मात्र आमचं पक्कं झालंय.

डिप्लोमावाला
मास्तर, सॉलिड!

माजी इंजिनिअर
ठीक आहे, ठेवा तुमचा ब्रिज. पण श्रेयांक द्या, सकाळच्या वेळापत्रकात घाला आणि शेवटी परीक्षा घ्या. संध्याकाळचा कागदी वर्ग असेल तर माझं म्हणणं कालचंच. आणि इंटिग्रेटेडबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. धाकटा तिथंच आहे.

द्राक्षबाग, तासगाव
आत्ता कळलं!

वाळवेकर
मध्येच विचारतो, विश्रामबागला इंटिग्रेटेडची फी किती घेतात? भाचीसाठी हवं होतं.