अनुभव धागा: फौजेतल्या भाच्याला एलएमजी (लाइट मशीनगन) मिळाली, काय सांगू?

हवालदार_रिटायर्ड
काल रात्री ताईच्या पोराचा फोन. "मामा, सेक्शनची एलएमजी मला दिली." सेक्शन म्हणजे जवानांची छोटी तुकडी. निम्मा आनंद, निम्मी रडारड. त्याला हसलो आणि मग मलाच झोप येईना. मला 1986 साली मिळाली होती. तीच जुनी ब्रेन नावाची एलएमजी, 7.62 मिमी गोळीची करून घेतलेली, मॅगझीन वरून बसायचं. वजन दहा किलोच्या आसपास. मलाच का, विचारलं तर शिकवणारे उस्ताद म्हणाले, "तेरा कंधा चौड़ा है." उसाच्या मोळ्या उचलून रुंद झालेला खांदा, त्याचं हे बक्षीस.

त्याला जे सांगितलं ते असं. बोट दाबून धरू नको. ब्रेन मिनिटाला 500 च्या हिशेबाने चालायची, म्हणजे सेकंदाला आठ. मॅगझीन तीसचं, पण आम्ही 28 च भरायचो, ठासून भरलं की अडकायचं. बोट धरून ठेवलं तर साडेतीन सेकंदांत सगळं रिकामं, वर नंबर दोनच्या, म्हणजे मॅगझीन पुरवणाऱ्या जोडीदाराच्या, शिव्या. मी मनात "विठ्ठल" म्हणायचो. शब्द संपला की बोट सैल. तीन-चार गोळ्या जातात. पुन्हा नेम, पुन्हा विठ्ठल. भाचा म्हणतो, मामा, माझी गन जास्त पळते. म्हटलं मग "विठू" म्हण.

दुसरं, एका जागी लोळत पडू नको. समोरचा आधी तुलाच शोधणार. आणि बाकीचे पुढे सरकतात ते तुझ्या फायरच्या भरवशावर, तेव्हा गोळ्या आत्ता उधळल्यास तर ते उघड्यावर असताना तुझ्याकडे काही उरणार नाही. हे मला रगडा (शिक्षेची कवायत) खाऊन कळलं.

ज्यांनी उचललीय त्यांनी लिहा. ज्यांच्या घरच्यांनी उचललीय त्यांनीही.

डावखुरा
मला कधीच दिली नाही 😀 ब्रेनचं मॅगझीन वर मधोमध, म्हणून साइट (नेम धरायची खूण) डाव्या बाजूला काढलेली. डाव्या खांद्याला लावली की डोळ्यापुढे साइटच येत नाही. उस्तादांनी दोन दिवस उजव्या हाताने प्रयत्न करवला, मग म्हणाले, जा, लंगरमध्ये (फौजी स्वयंपाकघरात) कांदे काप. कांदे मात्र डाव्या हाताने फार सुरेख कापतो.

पोळीवाली
आमच्याकडे हे एलएमजीवर होते. घरी सुट्टीवर आले तरी सकाळी उठून काहीतरी पुसत बसायचे. मिक्सर, शिलाई मशीन, सासऱ्यांची सायकल. आता समजलं का ते.
भाऊ, त्याला नी-कॅप घ्यायला सांगा. खांद्याचं सगळे बोलतात, गुडघ्याचं कोणी नाही.

हवालदार_रिटायर्ड
वहिनी 😀 चिंदी आणि तेल सुटत नाही हो. मीही गॅसची शेगडी आतून उघडून पुसतो.

मिडियमवाला
एलएमजीवाल्यांनो, तुमचं काम सोपं, दोन पायांवर टेकवली की सुरू. आमची एमएमजी (मिडियम मशीनगन) ट्रायपॉडवर. एकाने गन, एकाने ट्रायपॉड आणि गोळ्यांच्या पेट्या बाकीच्यांनी मुकाट वाहायच्या. चढावर कोणी कोणाशी बोलत नाही.
मशीनगनचा विषय निघालाच आहे तर, महार रेजिमेंट 1941 ला बेळगावात उभी राहिली आणि 1946 मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली. बॅजवर दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर आडव्या. आमचे आजोबा तो बॅज देवघरात ठेवायचे. आजी म्हणायची, देव कुठले आणि तोफा कुठल्या.

माणगावकर
गनच्या समोर उभं राहणं काय असतं तेही पोराला माहीत असू दे. आमच्या मराठा पलटणीतल्या नाईक यशवंत घाडगेंचा पुतळा रायगडच्या माणगावात आहे. 10 जुलै 1944, इटली. शत्रूच्या मशीनगनच्या फायरमध्ये त्यांच्या सेक्शनमधलं कोणी धड उरलं नाही, ते एकटे त्या चौकीवर धावून गेले. गन बंद पाडली, मग स्नायपरने टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. एका गनपुढे अख्खं सेक्शन पडतं, हे लहानपणी पुतळ्यापाशी आईसफ्रूट खाताना कळत नव्हतं.

बर्फातला
थंडीत पोस्टिंग लागली तर: गन बाहेरून एकदम गरम बंकरमध्ये आणू नको. घाम फुटतो तिला, परत बाहेर नेली की तोच घाम गोठतो. तेल पुसून पातळ कर, जास्तीचं तेल थंडीत गूळ होतं. उघड्या हाताने लोखंड धरू नको, कातडी तिथेच राहते. झालं. ड्यूटीवर चाललो, बाकी नंतर.

कोल्हापुरी_ठसका
@डावखुरा कांदे किती कापायला लागायचे हो? बडा खान्याच्या (फौजेतल्या सामुदायिक मेजवानीच्या) मटणाची रेसिपी असेल तर टाका, माझा नवरा त्याचे गुणगान गाऊन डोकं खातो.

डावखुरा
शंभर माणसांची आहे, चालेल?

इन्सासकाळ
आमच्या वेळी इन्सास या भारतीय बनावटीची एलएमजी. हलकी, पण मॅगझीन तीसचंच, त्यामुळे नंबर दोनवर सगळी मदार. माझ्या नंबर दोनशी आठवडाभर अबोला होता, कारण क्षुल्लक, त्याने माझं लोणचं संपवलं होतं. रेंजवर मॅगझीन मागायला हात पुढे केला तर गडी आकाशात बघतोय. त्या रात्री बायकोला फोन करून नवी बरणी मागवली. भाच्याला सांगा, नंबर दोनला आधी खाऊ घाल.
गरम पुंगळीचा (उडालेल्या गोळीच्या रिकाम्या नळीचा) किस्सा पण आहे. उजवीकडे पडलेल्याच्या कॉलरमधून आत गेली, भाऊ रेंजवरच लावणी नाचला. वरून मोजणीत तीच एक पुंगळी कमी भरली. अंधार पडेपर्यंत प्लाटून गवत चाचपतेय, आणि ती ह्याच्या बनियनमध्ये.

मिडियमवाला
😂😂 तो तूच होतास ना?

इन्सासकाळ
नो कमेंट.

कान_गेलेला
कानात बोळे घाल रे बाबा. आम्ही मर्दानगी म्हणून घातले नाहीत. आता नातीचा बारीक आवाज येत नाही, फक्त ओठ हलताना दिसतात. डॉक्टर म्हणतात वरच्या पट्टीतले आवाज गेले ते गेले.

पोळीवाली
काका 🙏 ह्यांचंही तेच. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी सिरियलची कथा मला सांगतात.

काळजीवाहू
युनिट, ठिकाण, फोटो काही टाकू नका कोणी. भाच्यालाही सांगा, गनसोबतचा सेल्फी नको.

हवालदार_रिटायर्ड
बरोबर. त्याला कुठली गन मिळाली ते म्हणूनच लिहिलं नाही.
सकाळी परत फोन होता. लोणच्याचा किस्सा ऐकवला, बोळ्यांचं दटावून सांगितलं. त्याचा नंबर दोन नगरचा आहे म्हणे, घोरतो. ताई मागून ओरडत होती, "त्याला विचार, ती ठेवून जेवायला तरी देतात का?"

कोल्हापुरी_ठसका
शंभर माणसांची चालेल. दहाने भागते.