फ्रेंडशिप शिखर: मे अखेर की ऑक्टोबर? हवामान बघून तारखा कशा ठरवाव्यात, सल्ला हवा आहे

भटकी_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं पुणेकर मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखराचा (५२८९ मी.) विचार करतोय. दर रविवारी सिंहगड असतो, रात्रीचा कात्रज-सिंहगड तीनदा झालाय, कळसूबाई आणि नळीची वाटही झाली. हिमालयात चार हजार मीटरच्या वर आमच्यापैकी दोघंच गेलेत, बर्फावरचा कोर्स फक्त माझा झालाय. शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतायत, मे अखेर किंवा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. कोणती वेळ सुरक्षित? अ‍ॅपवर पंधरा दिवसांचा अंदाज दिसतो, तो बघून तिकिटं काढली तर चालेल का?

सह्यवाट
ताई, महिना नंतर ठरवू. आधी नऊ दिवसांचं बघा, कारण खरी अडचण तिथे आहे.

शुक्रवारी रात्री पुणे सोडलंत तर दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे रात्रीची व्होल्वो धरून मनालीला उजाडतो रविवार. येताना तेवढाच वेळ. हातात राहिले जेमतेम पाच दिवस. मनाली दोन हजार मीटरवर, वाटेतला बकरथाचचा कॅम्प साधारण ३३००, त्यावरचा लेडी लेगचा कॅम्प साधारण ३९००. उंचीची सवय व्हायला आणि क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटांखाली बांधायचे काटे), आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) यांच्या सरावाला दिवस दिले की शिखरासाठी एकच रात्र उरते. त्या रात्री आभाळ कसंही असलं तरी तुम्ही निघणार, कारण दुसरी रात्रच नाही.

हे मी स्वतः केलंय, म्हणून कळकळीने लिहितोय. कुलूच्याच भागात दुसऱ्या एका शिखरावर आम्ही होतो. झेलम एक्सप्रेसचं परतीचं तिकीट कन्फर्म होतं, राखीव दिवस शून्य. संध्याकाळपासून वारा होता तरी रात्री एकला निघालो. पहाटे पावणेपाचला मित्राच्या क्रॅम्पॉनचा पट्टा सुटला. त्याने बांधायला वरचा ग्लोव्ह काढला, दोन-तीन मिनिटंच, आणि बोटांना काही लागेनासं झालं. पट्टा हातात होता पण बकल कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं. माझ्या बाटलीचं झाकण गोठून बसलेलं, गरम पाणी द्यावं तर उघडेना. त्याचे हात माझ्या काखेत धरून अर्धा तास बसलो आणि तिथूनच उतरलो. बोटं वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गाडीत बसताना वर बघितलं तर शिखर लख्ख, वाऱ्याचा मागमूस नाही. एक दिवस जास्त असता तर आम्ही त्या दिवशी चढलो असतो.

म्हणून बारा ते तेरा दिवस काढा, त्यातले दोन निव्वळ हवामानासाठी. रजा मिळतच नसेल तर लेडी लेगपर्यंत जा, बर्फावर सराव करा आणि परत या. तोही उत्तम बेत आहे.

शिखराच्या दिवशी लेडी लेगहून जवळपास १४०० मीटर चढ आहे. आतकरवाडीहून सिंहगड म्हणजे साधारण ६०० मीटर. दोन सिंहगड चढून वर अजून थोडं, आणि हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरा जास्त. मधे आणखी एक कॅम्प लावणारा गाइड मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी द्या.

ढगवाचक
हवामानाचं मी सांगतो.

पंधरा दिवसांच्या अंदाजावर डोंगरात काहीच ठरवू नका. तीन-चार दिवसांपर्यंतचा अंदाज कामाचा, सातव्या दिवसानंतरचा नाही. महिनाभराचा ढोबळ कल हवा असेल तर हवामान खात्याचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो. हिमाचलचे इशारे देतं ते शिमल्याचं हवामान केंद्र. आपल्या पुण्यातल्या शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसशी (तेही हवामान खात्याचंच) गल्लत नको, माझी सुरुवातीला व्हायची.

मनालीचं तापमान बघून वरचा अंदाज बांधू नका. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. मनालीत रात्री १२ असेल तर शिखरावर उणे ९ धरा. ताशी ४० किमी वारा असला तर अंगाला ते उणे १९ सारखं लागतं. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर वारा बघताना जमिनीवरचा नको, हवेच्या दाबाची ५०० हेक्टोपास्कलची पातळी निवडा, ती साधारण साडेपाच हजार मीटरवर असते. युरोपियन आणि अमेरिकन दोन्ही मॉडेल बघा. दोघांचं जुळत नसेल तर वाईट सांगणारं खरं मानून चाला.

आता महिना. मे ते जूनचा मध्य या काळात बर्फ भरपूर, पण दुपारी ढग चढतात आणि मधूनच पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) येतो. जूनच्या अखेरीस मोसमी पाऊस येतो, तो सप्टेंबरच्या शेवटी माघारी जातो. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळं, पण थंडी जास्त आणि हिमभेगा उघड्या पडलेल्या.

आणि ऑक्टोबर म्हणजे हमखास छान, हे डोक्यातून काढा. २०१४ साली हुदहुद वादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं. दोनच दिवसांनी त्याची ओल नेपाळमध्ये थोरोंग ला खिंडीच्या परिसरात बर्फ होऊन कोसळली आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरावरही डोळा ठेवा. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा २ या शिखरावर हिमस्खलनात पंचवीसहून जास्त गिर्यारोहक गेले, बहुतेक प्रशिक्षणार्थी. ताजा बर्फ पडला की आभाळ उघडलं तरी निदान एक-दोन दिवस उतारावर जायचं नाही, आणि तेव्हाही गाइड हो म्हणाला तरच.

तुमच्यातले दोघं चार हजार मीटरच्या वर पहिल्यांदाच जातायत, तर मी मे अखेर निवडेन.

गिरिवैद्य
वरच्या दोघांशी सहमत. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक मुक्काम वाढवावा. बकरथाच ते लेडी लेग ही उडी त्याहून मोठी आहे, म्हणून बकरथाचला दोन रात्री. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जाणं बंद. सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र असली तरी लगेच खाली. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आपल्या डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी सांगून.

भटकी_कर्वेनगर
मनापासून आभार. तिकिटं थांबवली. एक विचारायचं राहिलं, परत फिरायची वेळ किती ठेवावी?

सह्यवाट
मे मध्ये रात्री बारा-साडेबाराला निघा आणि सकाळी दहा. दहा वाजता जिथे असाल तिथून परत, शिखर शंभर मीटरवर दिसत असलं तरी. उन्हाने बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततात आणि दुपारचे ढग उतरताना गाठतात. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर दुपारी दोनची वेळ उलटून गेल्यावरही लोक चढत राहिले आणि वादळात आठ जण गेले. ही वेळ इथे पुण्यात, चौघांनी समोरासमोर बसून ठरवा आणि गाइडला आधीच कळवा. वर गेल्यावर कुणाचंच डोकं धड चालत नाही.

आणि गच्चीत रात्री दिवे बंद करून, जाड ग्लोव्ह घालून क्रॅम्पॉन बांधायचा सराव करा. शंभरदा.

भटकी_कर्वेनगर
काल चौघं भेटलो. एकाला बारा दिवस जमत नाहीत, तो लेडी लेगपर्यंत येऊन परतेल. आम्ही तिघं मे अखेर, तेरा दिवस, मधला कॅम्प धरून. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढतोय. घरी सांगून ठेवलंय की ठरल्यापेक्षा दोन दिवस उशीर झाला तर आम्ही तंबूत बसून वारा थांबायची वाट बघतोय असं समजा. क्रॅम्पॉन शनिवारी भाड्याने आणतोय, गच्ची माझ्याकडची.