स्लाइड-आउटवरचा टॉपर: दुरुस्त करावा की कायमचा काढून टाकावा?

धाग्याची सुरुवात

आमच्या आरव्हीच्या (म्हणजे राहायची सोय असलेल्या प्रवासी गाडीच्या) बैठकीच्या स्लाइड-आउटवरचा टॉपर परवा उसवला. गाडी उभी केल्यावर खोलीचा जो भाग मोटरवर भिंतीबाहेर सरकतो, त्याच्या छपरावर ताणलेलं कापड म्हणजे हा टॉपर. त्याची एक कड गाडीच्या भिंतीवरच्या पट्टीत अडकवलेली असते, दुसरी स्लाइडच्या बाहेरच्या कडेवरच्या रोलरला. रोलरमध्ये स्प्रिंग असते. स्लाइड बाहेर गेली की कापड उलगडतं, आत आली की स्प्रिंग ते गुंडाळून घेते.

सहा वर्षं टिकला. कापड अ‍ॅक्रिलिकचं आहे आणि अजून धड आहे, पण शिवणीचा दोरा उन्हानं पार कुजलाय. बोटानं ओढला तर भुगा झाला.

माझा कल काढून टाकण्याकडे आहे. कारण पाण्याचा झोळ. स्लाइड ४ मीटर लांब, कापड सुमारे १ मीटर रुंद. २० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर ८० लिटर पाणी येतं. त्यातलं निम्मं साचलं तरी ४० किलोचं ओझं कापडावर लोंबकळतं. मागच्या मुक्कामात कापड मधोमध खाली येऊन थेट छपराला टेकलं होतं, आणि स्लाइड आत घेताना ते सगळं पाणी एका दमात खाली उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावर आलं. ज्या वस्तूनं पावसापासून वाचवायचं तीच पाणी साठवणार असेल तर ती हवी कशाला? अनुभवी मंडळींनी सांगावं.

प्रतिसाद १

काढू नका, कळकळीनं सांगते. आम्ही काढला होता आणि दोन वर्षं तसेच फिरलो.

स्लाइडच्या वरच्या कडेला रबराची सील असते. स्लाइड आत येताना ती छपरावरून वायपरसारखी फिरते आणि पाणी बाहेर ढकलते. पाण्याला ती पुरते, पाइनच्या सुयांना पुरत नाही. सुया चपट्या पडतात आणि सीलखालून आत सरकतात. एकदा झाडाखालच्या मुक्कामानंतर घाईत स्लाइड आत घेतली. कोपऱ्यात बोटभर जाडीचा सुयांचा बोळा अडकला आणि सीलची कड दुमडली. रात्रभर पाऊस झाला. सकाळी आतल्या भिंतीवर ओलीची रेघ दिसली, आणि महिन्याभरात तिथलं प्लायवूड फुगून हाताला मऊ लागायला लागलं. त्या दुरुस्तीच्या खर्चात टॉपर दोनदा बदलून झाला असता.

शिवाय टॉपर नाही म्हणजे दर वेळी निघण्याआधी शिडी, झाडू आणि ओलं छप्पर. साठी ओलांडल्यावर हे रोज जमत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही. नुकसान झालं ते छप्पर न झाडल्यामुळे. टॉपर असला की माणूस छपराकडे बघायचंच सोडतो, हा मला त्याचा सगळ्यात मोठा तोटा वाटतो. दोन्ही टोकं उघडी असतात, तिथून पानं आत जातातच. माझ्या व्हायनलच्या टॉपरखाली पानांचा ओला थर आणि काळी बुरशी निघाली. ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही, वाळणार कसं?

आणि आवाज! वारा सुटला की शीड फडफडावं तसं कापड डोक्याच्या हातभर वर आपटत राहतं. आम्ही कितीतरी वेळा रात्री दोनला उठून झोपायच्या खोलीची स्लाइड आत घेतली आहे. भर वेगात आडवा वारा गुंडाळीत शिरला की कापड फुग्यासारखं बाहेर येतं, तो प्रकारही एकदा आरशात बघितलाय. पुढच्या थांब्यापर्यंत जीव मुठीत होता. त्यानंतर सगळे टॉपर उतरवले. आता लांब दांड्याचा ब्रश आणि दहा मिनिटं, काम झालं.

प्रतिसाद ३

ठेवा किंवा काढा, पण रोलरला हात लावताना सांभाळून. ब्रॅकेट सोडण्याआधी रोलर पिन घालून किंवा क्लॅम्पनं पक्का अडकवा. स्प्रिंग ताणलेली असते. मोकळी सुटली तर रोलर गरकन फिरतो आणि बोटं मोडू शकतात. स्प्रिंगला किती वेढे आणि कोणत्या दिशेनं दिलेत, ते आधी लिहून ठेवा. दोन माणसं, दोन शिड्या. एकट्यानं करू नका.

प्रतिसाद ४

धागाकर्त्यांच्या प्रश्नातच थोडी गल्लत आहे. टॉपर पावसासाठी नसतो. पाऊस अडवायचं काम सीलचं, आणि टॉपर नसलेल्या कितीतरी गाड्या पावसात नीट राहतात. टॉपर असतो तो कचऱ्यासाठी आणि उन्हासाठी. स्लाइडच्या छपरावरचं रबराचं आवरण सावलीत जास्त टिकतं, आणि उन्हाळ्यात आतली खोलीही जरा कमी तापते. तेव्हा पाणी साचतं म्हणून काढायचा, हे कारण मला पटत नाही.

साचण्यावर उपाय आहे. पावसाआधी जॅकनं गाडीचं एक टोक किंचित खाली घ्यायचं, पाणी टोकाकडून वाहून जातं. मात्र गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर तो जवळपास सपाट असतानाच नीट चालतो, म्हणून फार कलवू नका. आणि स्लाइड हलवण्याआधी गाडी पुन्हा समतल करा, नाहीतर यंत्रणेवर वाकडा ताण येतो.

काही जण कापडाखाली हवेचे चेंडू ठेवून उतार करतात. मी करत नाही. काढायचं विसरून कुणी बटण दाबलं तर चेंडू नेमका सीलपाशी अडकणार.

प्रतिसाद २ मधली बुरशी मला व्हायनलची वाटते. व्हायनलमधून पाणी पाझरत नाही, तशी खालची दमट हवाही बाहेर पडत नाही. अ‍ॅक्रिलिक विणलेलं असतं, लवकर वाळतं. मुसळधार पावसात त्यावरही झोळ होतो, हे मान्य. पण यांचं कापड धड आहे आणि फक्त दोरा गेलाय. मग पीटीएफईच्या (म्हणजे टेफ्लॉनच्या) दोऱ्यानं पुन्हा शिवून घ्या ना! पॉलिएस्टरचा दोरा उन्हानं कुजतो, पीटीएफईचा कुजत नाही.

प्रतिसाद २ कडून पुन्हा

व्हायनलचा मुद्दा मान्य, माझं कापड तेच होतं. पण अ‍ॅक्रिलिक काही वाऱ्यात गप्प बसत नाही. झोपेचं काय?

प्रतिसाद १ कडून पुन्हा

झोपेचं मीही मानते. आमच्या बैठकीच्या स्लाइडचा आवाज रात्री ऐकू येत नाही, कारण तिथे कुणी झोपत नाही. सगळ्या स्लाइडना एकच नियम लावायचा कशाला?

धागाकर्ता

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज शिडी लावून दोन्ही छपरं नीट बघितली. बैठकीची स्लाइड झाडांच्या बाजूला येते. उसवलेल्या भागाखाली मूठभर सुया होत्या, अगदी सीलला चिकटून. टॉपर शाबूत होता तिथे छप्पर जवळजवळ स्वच्छ. तो टॉपर राहणार. पीटीएफईचा दोरा मागवलाय, शिवून पुन्हा चढवतो. झोपायच्या खोलीची स्लाइड जेमतेम २ मीटरची आहे, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून ब्रश पूर्ण छपरावर पोचतो. तिथला उतरवतोय.

शनिवारी मेव्हणा मदतीला येतोय. आधी पिन, मग ब्रॅकेट. वेढे मोजून खडूनं रोलरवरच लिहिणार आहे.