मदत हवी आहे: वडिलांना मेलिओइडोसिस, तीन महिन्यांच्या गोळ्या आणि वाढलेलं पोटॅशियम

नमस्कार. बाबांबद्दल विचारायचंय. जरा लांबलचक होईल, पण आधीचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा ६३ वर्षांचे, वजन ५४ किलो, गाव कुडाळजवळ. मधुमेहाला बारा वर्षं झाली, त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. बीपीला टेल्मिसार्टन. जुलैत दरवर्षीसारखी अनवाणी चिखलात उभं राहून लावणी केली, टाचांना भेगा होत्याच. गणपतीच्या आधी ताप सुरू झाला. खोकला, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, महिन्याभरात सात किलो वजन उतरलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी एकूण लक्षणं बघून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनंतरही ताप तस्साच. मधे रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) 'स्यूडोमोनास' नावाचा जंतू आला होता, पण नमुना घेताना बाहेरून मिसळला असेल असं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी दादाने त्यांना गोव्यात नेलं. सोनोग्राफीत प्लीहेत दोन गळवं निघाली, कल्चर पुन्हा झालं आणि नाव आलं 'बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय', म्हणजे मेलिओइडोसिसचा जंतू. चार आठवडे सेफ्टाझिडीमची इंजेक्शनं झाली. नवव्या दिवशी ताप उतरला तेव्हा आई देवासमोर बसून रडली.

आता घरी कोट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकच्या ४८० मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत, तीन सकाळी, तीन रात्री, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. तीन महिने घ्यायच्यात, त्यातले ३५ दिवस झाले. मधे गावातल्या मेडिकलवाल्याने सांगितलं की एवढा डोस कोणी देत नाही, लिहिताना चूक झाली असेल, एक-एकच द्या. वहिनीने आठ दिवस तसंच दिलं. मला व्हिडिओ कॉलवर कळलं, तेव्हापासून पुन्हा तीन-तीन. कालचा रिपोर्ट: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.४, पोटॅशियम ५.८. बाबांचं म्हणणं, "आता माका बरा वाटता मा, मगे गोळये कित्याक?"

डोस खरंच एवढा असतो का? बरं वाटतंय तर महिनाभर आधी थांबवता येईल का? पोटॅशियम कशामुळे वाढलं? रिपोर्टवर कोलिस्टिनसमोर 'रेझिस्टंट' लिहिलंय. दादाने कुठेतरी वाचलं की कोलिस्टिन हे शेवटचं औषध असतं, तेव्हापासून त्याची झोप उडालीय. आणि घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांना बाबांपासून लागण होईल का? मी ठाण्यात, रोज फोनवरच सगळं. कृपया माहिती असणाऱ्यांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं नंतर. पोटॅशियम ५.८ आहे, आजच गोव्यातल्या डॉक्टरांना फोन करा आणि आजच ईसीजी काढून घ्या. बाबांना धडधड किंवा फार अशक्तपणा वाटत असेल तर फोनचीही वाट न बघता सरळ दवाखान्यात न्या. कोट्रायमॉक्साझोलने पोटॅशियम वाढतं आणि टेल्मिसार्टननेही वाढतं, इथे दोन्ही एकत्र चालू आहेत. ग्लिमेपिराइडसोबत ही गोळी असली की साखर अचानक खाली येऊ शकते, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि एक विचारते, बाबांना शहाळं देताय का? त्यातही पोटॅशियम असतं.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

रोज दोन! घरच्याच माडाची. अशक्तपणा जावा म्हणून आई न चुकता देते. आत्ताच फोन करून बंद करायला सांगितलं. दादा ईसीजीला घेऊन निघालाय.

प्रतिसाद ३

मी मायक्रोबायोलॉजीत काम करतो. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे उपचार त्यांचे डॉक्टरच ठरवतील. रिपोर्टबद्दल मात्र लिहितो.

दादांना म्हणावं, शांत झोपा. हा जंतू कोलिस्टिनला जन्मतःच दाद देत नाही, जेंटामायसिनलाही बहुतेक वेळा नाही. औषधांच्या माऱ्याने तो बिथरलाय असा त्याचा अर्थ नाही. उलट स्यूडोमोनाससारखा दिसणारा जंतू कोलिस्टिन आणि जेंटामायसिनला रेझिस्टंट पण को-अमॉक्सिक्लॅवला सेन्सिटिव्ह आला, की आम्ही सावध होतो. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून बघताना, हा गुलाबी दिसतो, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह. दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिकट, बंद सेफ्टी पिनसारखा. मधुमेही शेतकरी, पावसाळा, फुप्फुसात डाग, प्लीहेत गळू, एवढं लॅबला कळवलं तर 'स्यूडोमोनास' म्हणून तो सुटून जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. लॅबमधल्या माणसांनाही त्यापासून धोका असतो, म्हणूनही आधी सांगणं बरं.

टीबी समजून उपचार होणं हे या आजारात वारंवार घडतं. १९११ साली रंगूनमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्याकडे पहिला नोंदलेला रुग्ण १९९१ चा, मुंबईतलं एक मूल. आज उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात रुग्ण निघतात. जगभरात वर्षाला सुमारे १,६५,००० लोकांना हा आजार होत असावा असा २०१६ मधला अंदाज आहे, त्यातले जवळजवळ ४४ टक्के दक्षिण आशियातले.

डोसचं म्हणाल तर ४० ते ६० किलो वजनाला ४८० च्या तीन गोळ्या दोन वेळा हाच प्रमाण डोस आहे. मेडिकलवाल्याने लघवीच्या जंतुसंसर्गाला दिला जाणारा डोस पाहिलेला असणार, त्यामानाने हा त्याला मोठा वाटला. पण गोळ्या कमी करायच्या की नाही हे क्रिएटिनिन बघून डॉक्टरच सांगतील. लवकर थांबवू मात्र नका. हा जंतू पेशींच्या आत दडून राहतो, औषध अर्धवट राहिलं की महिन्यांनी, कधी वर्षांनी परत डोकं वर काढतो.

मुलांना बाबांपासून लागण होण्याची भीती नको, माणसाकडून माणसाला तो क्वचितच जातो. खरा धोका माती आणि पाण्याचा. विहिरीचं पाणी उकळून प्या.

प्रतिसाद ४

माझ्या मामांना झाला होता, कारवारला. दोन महिन्यांनी गोळ्या सोडल्या, पुढच्या पावसात पुन्हा ताप, या वेळी गुडघ्यात पू. परत इंजेक्शनांपासून सुरुवात. हे तुमच्या बाबांना वाचून दाखवा.

प्रतिसाद ५ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. ईसीजी ठीक आला. टेल्मिसार्टन बंद करून अ‍ॅमलोडिपिन दिलंय, ग्लिमेपिराइड निम्मं केलंय. आठवड्याने पोटॅशियम ४.७, क्रिएटिनिन १.२. गोळ्या तीन-तीनच चालू ठेवायला सांगितल्यात. ते आठ दिवस धरायचे नाहीत म्हणाले, म्हणजे अजून ५६ दिवस. वहिनीने कालनिर्णयवर खुणा करून ठेवल्यात. मामांची हकीकत दादाने बाबांना वाचून दाखवली, तेव्हापासून ते गोळ्या स्वतःच मागून घेतात.

आता एकच विचारायचंय. पुढच्या लावणीला बाबा घरात बसणार नाहीत हे नक्की. गुडघ्याइतक्या चिखलात रुतून न बसणारे गमबूट कोणी वापरतं का? दादाने आणलेले पहिल्याच कुणग्यात (भातखाचरात) पायातून निघून आले.