बाप्तिस्म्यासाठी चर्च सजवायचंय, किती करावं?

मोगरा_वसई:
ताईच्या मुलीचा बाप्तिस्मा मार्चमध्ये आहे, रविवारी नऊच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर), आणि धर्ममाता (गॉडमदर) मीच म्हणून सजावट पण माझ्याच गळ्यात 😅 डेकोरेटरने १८ हजार सांगितले, फुग्यांची कमान, वेदीवर फुलं, प्रत्येक बाकाला सॅटिनची रिबन वगैरे. एवढं लागतं का? ५ हजारात काय होईल? भावजी कुवेतहून येतायत, महिनाभरच सुट्टी आहे.

पापडीवाली:
अगं मार्च म्हणजे उपवासकाळ ना, ईस्टरआधीचा लेंट! फादरांना विचारलंस का आधी? लेंटमध्ये वेदीपाशी फुलं ठेवत नाहीत, फक्त चौथ्या रविवारी आणि सणांना चालतात, म्हणजे १९ मार्चला संत जोसेफचा सण असतो तसं. आमच्याकडे तर बाप्तिस्मे बहुतेक ईस्टरनंतरच ठेवतात. डेकोरेटरला काय, तो गुड फ्रायडेला पण कमान लावून देईल.

जुना_गायनमंडळी:
मी म्हणतो सगळं चर्च सजवूच नका. बाप्तिस्मा होतो पाण्याच्या कुंडापाशी, तिथे लक्ष द्या. खाली चारी बाजूंनी हिरवा पाला, त्यात मोगरा, कागडा, शेवंती, बास. पण कुंडाच्या काठावर काही ठेवू नका, कारण तिथे फादर, आईबाप, धर्ममाता, धर्मपिता, तेल, टॉवेल एवढी गर्दी होते की हार पाण्यात पडलाच समजा. पास्काची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती कुंडाशेजारीच असते, बाळाची त्यावरूनच पेटवतात, तिला नेट किंवा कागदी फुलं गुंडाळू नका प्लीज. आणि बाकांना डबल टेप तर अजिबात नको, आमच्याकडे एकाने चिकटवला आणि काढताना पॉलिशसकट निघाला, पैसे घरच्यांनी भरले. रिबन बांधायचीच तर गाठ मारून.

चाफा_२:
लिली घेतलीस तर पिवळे तुरे आधीच कापून टाक. पराग पांढऱ्या कापडावर पडले तर हाताने चोळायचं नाही, पाणी पण नाही, सेलोटेपने टिपून घ्यायचे. माझ्या मुलाच्या झग्यावर डाग अजून आहे 😭 फुलं दादरहून पहाटे आण नाहीतर गावातच कुणाच्या वाडीत सांगून ठेव, वसईत राहून मोगरा विकत काय घ्यायचा!

मोगरा_वसई:
फादरांना भेटले. फुग्यांना सरळ नाही म्हणाले, पण उपवासकाळातला चौथा रविवार दिला, १५ मार्च, त्या दिवशी ते स्वतः जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात म्हणे, फुलं पण चालतील, फक्त वेदीवर नाही, खाली आणि थोडीच. काकू वाडीतला मोगरा देतेय. खर्च २ हजाराच्या आतच बसेल बहुतेक. आता भावजींना तिकीट अलीकडच्या तारखेचं घ्यायला लावायचंय, ते डेकोरेटरपेक्षा अवघड आहे.

पापडीवाली:
त्यांना सांग गुलाबी शर्ट पण आणा 😂