मंद मसालेदार-लाकडी परफ्यूम: किती लावायचं आणि वास सांगायचा कसा?

केतकी_ठाणे:
नवऱ्यासाठी कार्टिएचं डेक्लरेशन परफ्यूम घेतलं होतं, ईडीटी (ओ द टॉयलेट, म्हणजे हलका प्रकार), पण आता त्याच्यापेक्षा मीच जास्त लावते इतकं आवडलंय. प्रॉब्लेम असा की सकाळी मानेवर दोन स्प्रे मारून निघते आणि लोकलमधून उतरेपर्यंत मला स्वतःला काहीच वास येत नाही, पण परवा दुपारी शेजारच्या डेस्कवरची म्हणाली की तुझ्याकडून लाकडासारखा छान वास येतोय. मग तो उडतोय की मलाच येत नाहीये? स्प्रे वाढवू का? आणि नागपूरच्या बहिणीलाही घ्यायचंय, ती विचारते वास कसाय, मी मसालेदार म्हटलं की तिला काळा मसालाच आठवतो. नीट कसं सांगू?

वाळा_कापूर:
वाढवू नका!! वास आहे, नाक सरावलंय. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही ना, तसंच. त्यात हल्लीच्या बऱ्याच वुडी परफ्यूममध्ये आयसो ई सुपर नावाचं रसायन सढळ हाताने घालतात, सुक्या देवदारी लाकडासारखा मऊ वास, आणि काही जणांना तो फारच कमी जाणवतो किंवा मधेच गायब होऊन परत येतो. एर्मेसच्या टेर द'एर्मेस या परफ्यूममधे तर ते भरपूर आहे, ते लावणारे कितीतरी जण हीच तक्रार करतात आणि आजूबाजूच्यांना मात्र व्यवस्थित येत असतो.
मानेवर मारू नका, नाकाच्या अगदी खाली येतं. छातीवर कपड्याच्या आत एक आणि कोपराच्या खोबणीत एक, बस. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर, नाहीतर लवकर उडतं. ओढणीवर जास्त टिकतो पण सिल्क आणि पांढऱ्यावर नको, डाग पडू शकतात.

सुगंधवेडा_कोथरूड:
वरच्याशी सहमत. वास सांगायचा तर घटकांची यादी वाचू नका, कधी काय येतं ते सांगा. डेक्लरेशन 1998 चं, झाँ-क्लोद एलेना या परफ्यूम बनवणाऱ्याने केलेलं, टेर द'एर्मेसही (2006) त्याचंच. सुरुवातीला कडू संत्र्याची साल आणि वेलदोडा, पण शिऱ्यातला गोड वेलदोडा नाही, अख्खा दाताखाली फोडल्यावर जो हिरवा, कापरासारखा झणका येतो तो. त्याच्या मागे जिऱ्याची छटा, आणि इथेच लोकांचे दोन गट पडतात कारण काहींना त्यात चक्क घामाचा वास येतो. मग हळूहळू मसाला खाली बसतो आणि कोरडं लाकूड आणि वाळ्याची मुळं उरतात. आणि बहिणीला काय नाहीये ते पण सांगा, व्हॅनिला नाही, गोडवा जवळजवळ नाही. मला वाटतं एवढ्यानेच तिला निम्मं कळेल.

अत्तरदाणी_मिरज:
मला त्यात घाम कधीच आला नाही, जिरं मात्र येतं आणि मला तेच आवडतं.
मंदच हवं असेल तर अत्तराचाही विचार करा. उत्तर प्रदेशातल्या कनोजला देग-भपक्यात (अत्तर काढायची जुन्या पद्धतीची भांडी) फुलं किंवा मसाले उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यात अल्कोहोल नसतं म्हणून ते चारचौघांत पसरत नाही, अंगालगत राहतं. शमामा घ्या, त्यात कितीतरी मसाले आणि जडीबुटी असतात, पण अगदी थोडं, कानाच्या पाळीमागे बोट टेकवण्याइतकं, कारण ते मुळात जड आहे. फक्त चंदनतेल महाग झाल्यामुळे बरेच जण पॅराफिन किंवा दुसरं स्वस्त बेस वापरतात, तेव्हा विचारूनच घ्या.

केतकी_ठाणे:
थँक्यू सगळ्यांना! आज कोपराच्या खोबणीत लावलं आणि संध्याकाळी हात वर केला तर लाकूड अजून होतं, फार बरं वाटलं. बहिणीला लिहिलं की आधी कच्चा वेलदोडा आणि संत्र्याची साल, नंतर सुकं लाकूड, गोड अजिबात नाही. तिला आवडेलसं वाटतंय पण घामाचं वाचून घाबरलीये. ऑनलाइन मागवू का डायरेक्ट?

सुगंधवेडा_कोथरूड:
नको. दुकानात मनगटावर लावून घ्यायला सांगा, कागदाच्या पट्टीवर नाही, तिच्या अंगावर जिरं कसं उमटतं ते पट्टीवर कळणार नाही. मग दोन तास बाहेर फिरू दे तिला. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ट्राय करत असेल तर एकच स्प्रे, उकाड्यात मसाला फार पुढे येतो.