क्लस्टर हेडेक: रोज रात्री दीडला उठतं, घरी काय करता येईल?

गवतीचहा:
आमच्या ह्यांना (वय ४१) गेले अठरा दिवस रोज रात्री दीडच्या सुमारास हे दुखणं उठतंय. फक्त उजवा डोळा आणि त्याच्या मागे, तापलेली सळई घालून फिरवल्यासारखं म्हणतात, त्याच डोळ्यातून घळाघळा पाणी, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी अर्धी मिटलेली. पाऊण तास, कधी सव्वा तास, मग आपोआप थांबतं आणि हे घामाघूम होऊन बसून राहतात. आडवं होताच येत नाही, बेडरूम ते किचन नुसत्या येरझाऱ्या, आणि अगदीच सहन होईना की लोखंडी कपाटाला कपाळ टेकवून उभे राहतात कारण पत्रा गार लागतो. आता कपाटावर त्या उंचीला डाग पडलाय. मागच्या वर्षी याच दिवसांत महिनाभर झालं होतं तेव्हा सायनस म्हणून औषधं झाली, एक दाढपण काढली. परवा न्यूरोलॉजिस्टनी क्लस्टर सांगितलं, एमआरआय नॉर्मल आहे, अटॅक येऊ नयेत म्हणून व्हेरापामिल नावाचं औषध सुरू केलंय पण गुण यायला वेळ लागेल म्हणाले. तोपर्यंत रात्री मी काय करू? बघवत नाही हो.

माई_कुडाळ:
अगं सुंठ उगाळून कोमट लेप लाव कपाळाला, नाकात साजूक तुपाचे दोन थेंब, आणि सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी. माझ्या जावेची अर्धशिशी याच्यानेच कमी झाली.

नऊवर्षं_सोबत:
माई, तुमच्या जावेला आराम पडला ते खरंच असेल, पण अर्धशिशीत माणूस अंधार करून पडून राहतो, यात एका जागी बसवत नाही, दुखणंच वेगळं आहे. मी नऊ वर्षं काढलीत यात. लेप, बाम, लवंगेचं तेल सगळं केलं, बामाने तर आधीच वाहणारा डोळा अजून चुरचुरतो.

ताई, एक लक्षात घ्या, अटॅक १५ मिनिटं ते ३ तासांचा असतो, साधी पेनकिलर पोटात जाऊन काम करेपर्यंत निम्मा अटॅक होऊन गेलेला असतो. म्हणून मला घरी खरा आधार झाला तो ऑक्सिजन. डॉक्टरांकडून लिहून घ्या, मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवीवाला नॉन रिब्रीदर मास्क, सरळ बसून १५-२० मिनिटं, आणि दुखणं चढायच्या आत, पहिली चमक आली की लगेच. २००९ साली झालेल्या एका ट्रायलमध्ये १५ मिनिटांत ७८ टक्के अटॅकना आराम पडला होता, साध्या हवेने २० टक्के. कोविडात घेतलेला ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) घरात असेल तर तो यासाठी पुरत नाही, सिलिंडरच लागतो. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, म्हणजे पाच ते आठ अटॅक निघतात, त्या हिशोबाने रिफिलचं आधी बोलून ठेवा.

बाकी बर्फ फडक्यात गुंडाळून डोळ्यावर, मानेवर धरा, थोडं सुसह्य होतं. कडक काळी कॉफी सुरुवातीलाच घेतली तर मला फरक पडायचा, पण नंतर झोप जाते. दारूचा एक घोटही नको, या दिवसांत तासाभरात अटॅक येतो. दुपारची डुलकी आणि पेंट-पेट्रोलचे वास मी टाळतो. आणि रोजची वेळ वहीत लिहा, न्यूरोलॉजिस्टला ती वही फार उपयोगी पडते.

अजून एक, स्पष्ट लिहितो. या दुखण्यात जीव नकोसा होतो, मलाही झाला होता. दुखत नसताना दुपारी त्यांना सरळ विचारा की असं काही मनात येतं का. आलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही रात्रंदिवस चालू असतो.

वॉर्ड_सिस्टर:
ऑक्सिजन घेताना त्या खोलीत विडी-सिगारेट, उदबत्ती, देवाचा दिवा काही नको, गॅसच्या शेगडीपासून लांब बसा, आणि तोंडाला तेल-व्हॅसलिन लावून मास्क लावू नका. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. व्हेरापामिलचा डोस वाढवताना ईसीजी काढतात, तो चुकवू नका. गुण येईपर्यंत थोड्या दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स किंवा मानेच्या मागच्या नसेजवळ इंजेक्शन देतात, त्याबद्दल विचारा. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शनही लवकर काम करतं पण हृदयविकार असेल तर चालत नाही. आणि दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, ताप, मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं असं काही झालं तर घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल.

गवतीचहा:
सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांना फोन केला, १५ लिटरचं लिहून दिलं, सिलिंडर संध्याकाळी आला. पहिला मास्क साधा दिला होता, पिशवी नव्हती, परत पाठवून बदलून घेतला. रात्री एक चाळीसला सुरू झालं, मी आधीच पलंगाजवळ खुर्ची मांडून ठेवली होती. अठरा मिनिटांत ते म्हणाले, उतरतंय. पूर्ण गेलं नाही, पण काल ते कपाटापर्यंत गेले नाहीत.